सोलापूर, येरवडा आणि बॅरिस्टर जयकर

12 जानेवारी 1931 या दिवशी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरचे चौघे फासावर चढले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. त्याच तुरुंगात त्या दिवशी गांधीजीही कैदेत होते. त्यांची सुटका व्हायला अजून दोन आठवडे होते. आणि त्याच सुमारास लंडनमध्ये पहिल्या गोलमेज परिषदेचे शेवटचे दिवस चालले होते. त्या परिषदेतल्या हिंदी प्रतिनिधींत बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर हे एक ठळक नाव होते. जयकरांना येरवडा परका नव्हता. पाचच महिन्यांपूर्वी, 1930 च्या ऑगस्टमध्ये, ते आणि सर तेजबहादूर सप्रू याच तुरुंगात काँग्रेसच्या बंदिवान पुढाऱ्यांसमोर बसून सरकारशी समझोता होतो का, हे पाहत होते. या तारखा सोलापुरात एका कथेत येतात आणि जयकरांच्या चरित्रात दुसऱ्या. दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या, तर वकील, प्रांतिक पुढारी, मध्यस्थ आणि न्यायाधीश या चारही भूमिका केलेल्या या माणसाच्या सार्वजनिक आयुष्याचा हिशेब जरा वेगळा लागतो, असे मला वाटते.

जयकरांविषयी महाराष्ट्राचे मत कधीच पक्के झाले नाही. मवाळ म्हणावे, तर ते गांधी आणि चित्तरंजन दास यांच्या शेजारी सही करणारे. काँग्रेसचे म्हणावे, तर तिच्या प्रत्येक मोठ्या लढ्यात ते बाहेर किंवा कडेला उभे. सरकारधार्जिणे म्हणावे, तर सरकारलाही त्यांचा पुरता भरवसा कधी वाटला नाही. अशा माणसाची आपल्याकडे दोन वाक्यांत बोळवण होते: विद्वान होते, वक्ते होते, पण धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत. ही बोळवण आळशी आहे. जयकरांच्या आयुष्यातले सूत्र पक्षाचे नव्हते, पद्धतीचे होते. समोरच्याचे ऐकून घेतल्याशिवाय निकाल नाही, हा न्यायासनाचा नियम त्यांनी न्यायासनावर बसण्याच्या कितीतरी आधीपासून राजकारणात पाळला. जिथे ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच ते ऐकू शकले, तिथे त्यांचे काम टिकले. जिथे दोन बलवान पक्षांचे निरोप पोहोचवणे एवढेच हाती उरले, तिथे त्यांची पद्धत तोकडी पडली. ती कुठे तोकडी पडली हे सोलापुरात सर्वांत स्पष्ट दिसते.

हा नियम त्यांनी सिद्ध केला तो पंजाबात. 1919 च्या एप्रिलमध्ये जालियनवाला बागेत गोळीबार झाला आणि पंजाबच्या काही जिल्ह्यांवर मार्शल लॉ लादला गेला. सरकारने हंटर समिती नेमली, काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार घातला आणि स्वतःची चौकशी समिती उभी केली. मोतीलाल नेहरू काँग्रेसचे अध्यक्ष झाल्यामुळे समितीतून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी जयकर आले. 1920 च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालावर गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि जयकर अशा चार सह्या आहेत. जयकरांचा जन्म 1873 चा. पंजाबात गेले तेव्हा ते पंचेचाळिशीचे, मुंबई उच्च न्यायालयात नाव कमावलेले बॅरिस्टर होते. पाठारे प्रभूंच्या सुशिक्षित घरातल्या या माणसाने लाहोर, अमृतसर, गुजराणवाला इथल्या लोकांच्या जबान्या ऐकण्यात महिने घालवले. सतराशेहून अधिक साक्षी तपासून त्यांतल्या साडेसहाशे समितीने प्रसिद्धीसाठी निवडल्या. कुणाला रस्त्यावर सरपटायला लावले, कुणाला फटके मारले, कुणाला साहेब दिसताच सलाम करायला लावला, ते नावागावानिशी नोंदले गेले.

या अहवालाचा मसुदा मुख्यतः गांधीजींच्या हातचा होता, तेव्हा त्याचे श्रेय जयकरांच्या खात्यावर कशाला, असे कुणी म्हणेल. मसुदा कुणाचा, हा इथे मुद्दाच नाही. अहवालाची शिस्त पाहावी. अमृतसरच्या जमावाने 10 एप्रिलला पाच युरोपियनांना ठार मारले, बँका जाळल्या, एका मिशनरी बाईला मारहाण केली. समितीने यातले काही झाकले नाही, उलट त्याचा निषेध केला. त्यानंतर तिने वेगळा प्रश्न विचारला: एवढे झाले म्हणून मार्शल लॉ लागणारच होता का, आणि लागल्यावर जे केले गेले त्याची गरज होती का? उत्तर नकारार्थी आले आणि समितीने व्हाइसरॉयला परत बोलावण्याची मागणी करण्यापर्यंत मजल मारली. जमावाचा गुन्हा आणि सत्तेचा गुन्हा एकाच कागदावर, पण वेगवेगळ्या रकान्यांत मांडण्याची ही वकिली शिस्त होती. अकरा वर्षांनी सोलापूरच्या बाबतीत नेमकी हीच लागणार होती.

मधली वर्षे झटपट सांगून टाकतो, कारण त्यांत जयकर बरेचसे इतरांसारखेच आहेत. असहकाराच्या लाटेत वकिली सोडणे आणि पुन्हा धरणे, 1923 मध्ये स्वराज्य पक्षाकडून मुंबई कायदे कौन्सिलात जाणे, तिथे पक्षाचे नेतृत्व करणे हे सारे त्या पिढीतल्या पुष्कळांनी केले. 1925 च्या अखेरीस मध्य प्रांतात श्रीपाद बळवंत तांबे यांनी सरकारी कार्यकारी मंडळात जागा घेतली आणि स्वराज्य पक्षात फूट पडली. जयकर, न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे यांनी प्रतियोगी सहकारितेचा झेंडा उभारला. 1926 च्या फेब्रुवारीत अकोल्याला तो पक्ष स्थापन झाला. टिळकांचा वारसा सांगणारी ही भूमिका होती: मिळेल ते घ्यावे आणि उरलेल्यासाठी भांडावे. पुढे ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. 1928 मध्ये कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत जिनांच्या मागण्यांना विरोध करताना मात्र त्यांचा ऐकून घेण्याचा नियम बराच सैल झालेला दिसतो. तिथे ते पंच नव्हते, एका बाजूचे वकील होते, आणि त्या विरोधाची किंमत पुढच्या काळाने मोजली. जयकरांचे गुणगान करणारे ही गोष्ट वगळतात, म्हणून इथे नोंदवतो.

आता सोलापूर. 1930 साली सोलापूर हे लाखावर वस्तीचे गिरण्यांचे शहर होते. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस सुरू व्हायचा आणि संपायचा. कानडी, तेलुगू, मराठी, उर्दू, मारवाडी अशा सगळ्या बोली इथल्या पेठांतून ऐकू येत. पुढे फासावर गेलेल्या चौघांची नावे वाचली तरी तेच दिसते. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. 5 मे रोजी गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्या, बाजारपेठ बंद पडली. 8 मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्यासाठी लोक जमले. दारूबंदीच्या कार्यक्रमातला हा सत्याग्रह. अटका झाल्या, जमावाने पकडलेल्यांना सोडवण्याचा आग्रह धरला, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. त्यानंतर जमावाचा तोल गेला. पोलीस चौकीवर हल्ला झाला, पोलीस शिपाई मारले गेले, न्यायालयाच्या इमारतीला आग लागली. पोलीस शहरातून मागे घेतले गेले आणि पुढचे दोन-तीन दिवस सोलापूरचा बंदोबस्त काँग्रेसच्या स्वयंसेवकांनीच पाहिला. 12 मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. सोलापुरात आजही त्या दिवसांना दुसरे नाव नाही. मार्शल लॉ म्हणजे 1930.

या मार्शल लॉमागे सरकारने वटहुकमाचा आधार उभा केला. लष्करी अमलात दिल्या गेलेल्या शिक्षा न्यायालयात तपासता येतात का, हा वाद पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. चनप्पा शांतिरप्पा विरुद्ध सम्राट या नावाने तो निकाल कायद्याच्या पुस्तकांत नोंदलेला आहे. चौघांवरचा पोलिसांच्या खुनाचा खटला मात्र साध्या फौजदारी न्यायालयात चालला आणि फाशीवर शिक्कामोर्तब झाले. ‘गजनफर’ या पत्राचा तरुण संपादक कुर्बान हुसेन, शहर काँग्रेसमधले कार्यकर्ते, कापडबाजारातला माणूस अशी आरोपींची ओळख होती. खुनाचा आरोप त्यांच्यावर खरोखर शाबीत झाला की लढ्याच्या पुढाऱ्यांना धडा शिकवण्यासाठी त्यांना निवडले गेले, याविषयी सोलापूरला कधीच शंका वाटली नाही. इतिहासकाराने शंका ठेवावी. पण ती ठेवतानाही एवढे म्हणावेच लागते की पंजाबात जशी जबान्यांची स्वतंत्र चाळणी लागली, तशी या शहराच्या वाट्याला आली नाही.

मार्शल लॉ उठून पंधरवडा होतो न होतो, तोच 13 जुलै 1930 रोजी सप्रू आणि जयकर यांनी व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहून मध्यस्थीची परवानगी मागितली. त्यांच्या हातात मोतीलाल नेहरूंनी जॉर्ज स्लोकोम या इंग्रज पत्रकाराला दिलेल्या मुलाखतीतून निघालेला एक मसुदा होता. परवानगी मिळाली. 23 आणि 24 जुलैला ते येरवड्यात गांधीजींना भेटले. मग अलाहाबादजवळ नैनीच्या तुरुंगात नेहरू पितापुत्रांना भेटले. पुढे सरकारने नेहरूंना खास रेल्वेने येरवड्यात आणले आणि ऑगस्टच्या मध्याला गांधी, दोघे नेहरू, वल्लभभाई, सरोजिनी नायडू असे सगळे एका ठिकाणी बसले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाटाघाटी फिसकटल्या. त्या काळी वर्तमानपत्रे ‘सप्रू-जयकर’ असे एकच नाव असल्यासारखे छापत. या दोघांची थट्टाही पुष्कळ झाली. तुरुंगाच्या दाराशी ताटकळणारे दोन बॅरिस्टर हे चित्र व्यंगचित्रकारांना फार सोपे होते.

पण थट्टा बाजूला ठेवून त्या पत्रव्यवहारातली एक अट नीट वाचावी. काँग्रेसच्या पुढाऱ्यांनी 15 ऑगस्टच्या पत्रात कैद्यांच्या सुटकेची मागणी केली, ती हिंसेत किंवा हिंसेच्या चिथावणीत ज्यांचा हात नाही, अशांपुरती. सरकारलाही नेमकी हीच रेघ हवी होती. म्हणजे स्वातंत्र्य किती आणि कधी यावर दोन्ही बाजूंत दरी होती, पण कोणाला सोडायचे आणि कोणाला मागे ठेवायचे यावर मतभेद नव्हता. सोलापूरचे आरोपी या रेघेच्या पलीकडे गेले. ज्या तुरुंगात त्यांना पुढे फाशी व्हायची होती, त्याच तुरुंगात ही रेघ पक्की झाली. 5 मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात ती तशीच आली, तेव्हा चौघे जाऊन दोन महिने होत आले होते. रेघ जयकरांनी मारली असे मी म्हणत नाही. ती गांधीजींच्या अहिंसेतून आणि सरकारच्या सोयीतून एकदमच आली. पण ती मान्य करण्यापूर्वी कोण कोणत्या बाजूला पडतो, हे पुराव्याने ठरले आहे का, हा प्रश्न विचारण्याची सवय त्या खोलीतल्या, पंजाबच्या अहवालावर सही केलेल्या दोघांना लागलेली होती. एक गांधी, दुसरे जयकर.

यावर पहिला आक्षेप असा की पंजाब आणि सोलापूर यांची बरोबरी लावणे चूक आहे. जालियनवाला बागेत निःशस्त्र जमाव मारला गेला. सोलापुरात पोलीस मारले गेले. पण अमृतसरमध्येही बागेच्या तीन दिवस आधी माणसे मारली गेली होती, हे 1920 चा अहवाल स्वतःच सांगतो. त्या अहवालाची नैतिक ताकद जमाव निर्दोष ठरवण्यात नव्हती. जमावाचा दोष सांगूनही सरकारला जाब विचारता येतो, हे दाखवण्यात होती. शिंदीच्या झाडांपाशी गोळी कुणाच्या हुकमाने सुटली, चौकीवर हल्ला करणारे कोण आणि आरोपी म्हणून उभे केलेले कोण, मार्शल लॉची गरज 12 मे रोजी खरोखर उरली होती का, कारण तोवर शहर शांत होत आले होते. हे प्रश्न पंजाबच्याच साच्यातले आहेत. ते विचारायला पोलिसांचा खून माफ करावा लागत नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मध्यस्थ तो मध्यस्थ. दोन्ही बाजूंनी जे टेबलावर ठेवले तेवढ्यावरच तो बोलू शकतो. तिसऱ्याचा कैवार घेऊ लागला तर दोघांचाही विश्वास गमावतो. शिवाय जानेवारीत जयकर लंडनला होते, त्यांच्या हाती काय होते? हे सारे मला मान्य आहे. त्या चार फाशींचा दोष जयकरांवर टाकणे हा अन्याय होईल. मार्चमध्ये करार झाल्यावरही भगतसिंगांची फाशी गांधीजींना टाळता आली नाही, तर एका बॅरिस्टरचे काय चालणार? माझे म्हणणे व्यक्तीच्या दोषाविषयी नाही, मध्यस्थीच्या घडणीविषयी आहे. मध्यस्थ बसतो दोन पक्षांच्या मध्ये. सोलापूरचा गिरणीकामगार यांपैकी कुठल्याच पक्षाच्या खुर्चीवर नव्हता. त्याच्या बाजूने बोलायचे तर मध्यस्थाची खुर्ची सोडून पंचाची घ्यावी लागते, जशी जयकरांनी 1919 मध्ये घेतली होती.

खुर्चीने केवढा फरक पडतो हे त्याच येरवड्यात दोन वर्षांनी दिसले. 1932 च्या सप्टेंबरात अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्धच्या गांधीजींच्या उपोषणाने कोंडी झाली, तेव्हा पुन्हा सप्रू आणि जयकर धावले. पण या वेळी ज्यांच्याविषयी वाद होता त्यांचा माणूस समोर बसला होता. डॉ. आंबेडकर कुणाच्या निरोपावर अवलंबून नव्हते. ते स्वतः बोलत होते, स्वतः नाकारत होते. 24 सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या, त्यांत जयकरांचीही आहे. जातीय निवाड्यात अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत 71 स्वतंत्र जागा होत्या; करारात त्या संयुक्त मतदारसंघातल्या 148 राखीव जागा झाल्या. उपोषणाच्या दडपणाखाली झालेला हा करार न्याय्य होता का, याचा वाद आजही संपलेला नाही आणि आंबेडकरांनी त्यावर पुढे किती कठोर लिहिले हे सर्वांना ठाऊक आहे. तरी एवढे खरे की घासाघीस झाली आणि आकडे हलले. सोलापूरच्या बाबतीत घासाघीस करायलाच कुणी नव्हते.

न्यायाधीश म्हणून जयकरांची कारकीर्द त्यामानाने त्रोटक आहे, आणि ती चरित्रकारांनी फुगवलेली मला आवडत नाही. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत संघ न्यायालय सुरू झाले. सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश, सर शाह सुलेमान आणि जयकर हे दोन न्यायाधीश. या न्यायालयासमोरचा पहिलाच मोठा प्रश्न मध्य प्रांत-वऱ्हाडच्या पेट्रोलवरील विक्रीकराचा होता. प्रांताला असा कर लावता येतो की ते केंद्राचे अबकारी शुल्कच ठरते? तिघांनी स्वतंत्र निकालपत्रे लिहिली आणि प्रांताच्या बाजूने कौल दिला. प्रांतांच्या हक्कांसाठी कौन्सिलात भांडलेल्या माणसाला हा कौल लिहिताना समाधान वाटले असेल, असा तर्क करता येतो. तर्कच, पुरावा नाही. 1939 मध्ये ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले आणि 1942 मध्ये तिथून बाहेर पडले.

1946 मध्ये ते मुंबईतून घटना समितीवर निवडून आले. 13 डिसेंबरला जवाहरलाल नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. सभागृह भारावलेले होते. मुस्लिम लीग आलेली नव्हती, संस्थानांचे प्रतिनिधी यायचे होते. 16 तारखेला जयकर उभे राहिले आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवून त्यांनी दुरुस्ती सुचवली की हे लोक येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा. सभागृह चिडले. दुसऱ्या दिवशी आंबेडकर बोलले आणि त्यांनी थांबण्याच्या बाजूने जे भाषण केले ते सभागृहाने शांतपणे ऐकले. शेवटी मतदान जानेवारीवर गेले आणि 22 जानेवारी 1947 रोजी ठराव लीगशिवायच मंजूर झाला. लीग कधी येणारच नव्हती, म्हणून जयकर भाबडे ठरतात, असे पुष्कळांचे मत आहे. पण लीग येणार नाही हे कळून थांबणे सोडणे वेगळे आणि तिला न विचारता ठरवणे वेगळे. त्र्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाला हा फरक महत्त्वाचा वाटला. जे गैरहजर आहेत त्यांच्याविषयी हजर असलेल्यांनी निकाल देऊ नये, हे त्यांनी त्या दिवशी उघड्यावर, सभागृहाची नाराजी पत्करून सांगितले. 1930 च्या येरवड्यात हेच वाक्य कुणीतरी सोलापूरसाठी म्हणायला हवे होते.

त्यानंतर लवकरच जयकर घटना समितीतून बाहेर पडले आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाच्या सुरुवातीच्या विस्तीर्ण क्षेत्रात सोलापूरही होते.  विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. 1956 पर्यंत ते कुलगुरू राहिले आणि 10 मार्च 1959 रोजी मुंबईत वारले. शेवटच्या वर्षांत त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले. त्याचा पहिला खंड 1922 पर्यंत येतो, दुसरा 1925 वर थांबतो. म्हणजे पंजाबची चौकशी त्यात आहे. सोलापूर, येरवडा आणि त्यानंतरचे काही नाही. ज्याला 1930 चे जयकर हवे असतील त्याला दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेल्या त्यांच्या कागदपत्रांकडेच जावे लागते.